जंगल, झाडं आणि हवेतला कार्बन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांमधल्या गप्पांत, ग्रामसभांत आणि फोनवरच्या निरोपांत हे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात. एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळे इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात जातो, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. कार्बनचक्र म्हणजे काय, आणि त्यात झाडांचा वाटा केवढा?

कार्बनचा एखादा अणू आज हवेत असतो, उद्या उंबराच्या पानात, परवा ते पान खाणाऱ्या अळीत, मग मातीत आणि तिथून परत हवेत. हा फेरा म्हणजे कार्बनचक्र. ढोबळ हिशेब असा: हवेत सुमारे ८७० अब्ज टन कार्बन आहे, जिवंत वनस्पतींत सुमारे ४५० अब्ज टन, मातीत १,७०० अब्ज टनांच्या आसपास, आणि समुद्रात सगळ्यांत जास्त, जवळपास ३८,००० अब्ज टन.

जमिनीवरच्या वनस्पती दर वर्षी सुमारे १२० अब्ज टन कार्बन हवेतून ओढतात. म्हणजे हवेतल्या दर सात भागांपैकी एक भाग वर्षभरात कुठल्या ना कुठल्या पानातून जातो. पण ओढलेलं जवळजवळ सगळं परतही जातं. निम्मं झाडं स्वतःच्या श्वसनात वापरतात, उरलेलं बुरशी, जिवाणू, वाळवी, जनावरं आणि आग यांच्यामार्फत हवेत जातं. म्हणून दोन गोष्टी कायम वेगळ्या ठेवा: उलाढाल आणि शिल्लक. दुकानाचा गल्ला दिवसभर भरतो आणि रिकामा होतो, तिजोरीत काय उरलं ते वेगळं. खाली येणाऱ्या बहुतेक गैरसमजांचं मूळ या दोन गोष्टींची गल्लत होण्यात आहे.

२. कुठे आकडा "कार्बन"चा असतो, कुठे "कार्बन डायऑक्साइड"चा. कोणता धरायचा?

दोन्ही बरोबर असतात, फक्त मिसळायचे नाहीत. कार्बनच्या १२ भागांना ऑक्सिजनचे ३२ भाग जोडले की कार्बन डायऑक्साइडचे ४४ भाग होतात. म्हणून १ टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. बातमीत आकडा अचानक चौपट वाटला, तर आधी हे तपासा.

३. झाडाचं वजन मातीतून आणि खतातून येतं ना? मग हवेचा काय संबंध?

बेल्जियमचे फान हेल्मोंट यांनी सतराव्या शतकात हेच तपासलं होतं. कुंडीत तोलून माती भरली, वाळुंजाच्या जातीचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड ७० किलोंहून अधिक वाढलं, माती मात्र जेमतेम ५०-६० ग्रॅम घटली. त्यांनी निष्कर्ष काढला की सगळं वजन पाण्याचं. तो अर्धवट होता, कारण हवेतला वायू त्यांच्या हिशेबात नव्हता. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कार्बन असतो, आणि तो सगळा पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून आत आलेला असतो. मातीतून येतात ती खनिजं. चूल विझल्यावर मूठभर राख उरते, तेवढाच मातीचा वाटा.

४. आमच्या अंगणातल्या झाडात किती कार्बन आहे, हे घरच्या घरी काढता येईल का?

ढोबळ मानाने नक्की येईल, आणि एकदा तरी काढून पाहाच. शिंप्याकडची टेप पुरते. खोडाचा घेर छातीच्या उंचीवर, जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायचा. वनखात्याची माणसंही तिथेच मोजतात. उतारावर झाड असेल तर वरच्या बाजूने उंची धरायची. मी पहिल्यांदा साग मोजला तेव्हा सोबतच्या वनरक्षकाने टेप दोनदा सोडायला लावली. एकदा ती वेलीवरून गेली होती, आणि दुसऱ्यांदा सुटलेल्या सालीच्या पापुद्र्यावर बसली होती. बोटभर फरकही हिशेबात वाढत जातो, हे त्याने तिथेच दाखवलं.

समजा सागाचा घेर १ मीटर आणि उंची १५ मीटर. घेराचा वर्ग करून १२.५७ ने भागा, की खोडाच्या छेदाचं क्षेत्रफळ मिळेल: सुमारे ०.०८ चौरस मीटर. त्याला उंचीने गुणा आणि निम्मं करा, कारण खोड वर निमुळतं होत जातं. आलं ०.६ घनमीटर. वाळलेल्या सागाचं वजन घनमीटरला ६०० किलोंच्या आसपास, म्हणजे खोड ३६० किलो. फांद्या आणि मुळांसाठी आणखी निम्मं धरा, एकूण ५४० किलो. त्याच्या अर्धा कार्बन, २७० किलो. कार्बन डायऑक्साइडमध्ये सांगायचं तर जवळपास १ टन.

आता हा १ टन कशाशी तोलायचा? कोळशावर तयार झालेल्या विजेच्या एका युनिटमागे सुमारे १ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. महिन्याला २५० युनिट वापरणाऱ्या घराची चार महिन्यांची वीज म्हणजे तो साग. कोरडवाहू जमिनीत त्याला एवढं व्हायला तीसेक वर्षं सहज लागतात.

५. अ‍ॅमेझॉनचं जंगल जगाला २० टक्के ऑक्सिजन देतं, हे खरं का?

नाही. जंगल ऑक्सिजन भरपूर सोडतं, पण तिथलीच झाडं, बुरशी आणि जिवाणू जवळजवळ तेवढाच वापरतात. निव्वळ शिल्लक शून्याच्या आसपास. ही उलाढालीला शिल्लक समजण्याची चूक (प्रश्न १). आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन कोट्यवधी वर्षांत हवेत साठत आला आहे. हवेचा जवळपास २१ टक्के भाग तोच आहे, आणि तो उद्या संपणार नाही.

मला या वाक्याचा त्रास वेगळ्याच कारणाने होतो. ऑक्सिजनची भीती खोटी ठरली की माणसं जंगलाची काळजीच सोडून देतात. अ‍ॅमेझॉन वाचवायचं ते त्यातल्या कार्बनच्या साठ्यासाठी, त्याने हवेत सोडलेल्या बाष्पातून खंडभर पडणाऱ्या पावसासाठी आणि तिथे राहणाऱ्या माणसांसाठी.

६. पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतो ना?

ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो, त्यामुळे रात्री कोणतंही झाड तो तयार करत नाही. निवडुंग, घायपात, कोरफड, अननस यांसारख्या वनस्पती पाणी वाचवण्यासाठी रात्री छिद्रं उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात. ऑक्सिजन मात्र त्याही दिवसाच सोडतात. पिंपळाचं मोल त्याच्या सावलीत आणि त्याच्या फळांवर जगणाऱ्या पाखरांत आहे, तेवढं पुरेसं आहे.

७. हवेतला कार्बन डायऑक्साइड दर वर्षी काही महिने कमी होतो असं वाचलं. मग काळजी कशाची?

वाचलेलं खरं आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे. हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये सलग मोजमाप सुरू केलं. आलेखावर करवतीसारखे दाते उमटले. मे महिन्यात आकडा शिखरावर जातो, मग सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत उतरतो, आणि पुन्हा चढतो. पृथ्वीवरची बहुतेक जमीन आणि जंगलं उत्तर गोलार्धात आहेत. तिथल्या उन्हाळ्यात पानं फुटली की हवेतला वायू ओढला जातो, हिवाळ्यात पानं कुजली की परत येतो. मौना लोआला हा चढउतार दर दहा लाख भागांत सहाएक भागांचा असतो. अर्ध्या पृथ्वीचा श्वास एका यंत्राला ऐकू येतो.

काळजी अशी की करवतीचा प्रत्येक दाता मागच्यापेक्षा वर आहे. उद्योगयुगाआधी हा आकडा २८० च्या आसपास होता, १९५८ मध्ये ३१५, आणि आता ४२० च्या वर गेला आहे. झाडांचा श्वास दर वर्षी आत-बाहेर होतोच. चढण आहे ती जमिनीखालून काढलेल्या कार्बनची (प्रश्न १७).

८. जुनं जंगल वाढायचं थांबतं. मग ते तोडून जोमदार नवी झाडं लावली तर जास्त कार्बन शोषला जाणार नाही का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, आणि यातूनच सर्वांत जास्त नुकसान होतं, म्हणून सावकाश सांगतो.

नवं झाड वेगाने वाढतं, हे खरं. पण वेग म्हणजे साठा नव्हे. शंभर वर्षांचं जंगल तोडलं की त्याच्या खोडांतला, फांद्यांतला, मुळांतला आणि उघड्या पडलेल्या मातीतला कार्बन काही वर्षांत हवेत जातो. त्यातला थोडा भाग फर्निचर आणि तुळयांत टिकतो. नव्या लागवडीला तेवढाच कार्बन परत गोळा करायला अनेक दशकं लागतात, आणि एकाच जातीच्या लागवडीत तो पूर्वीइतका होईलच असं नाही. तोवर तो सगळा कार्बन हवेत राहून पृथ्वी तापवत असतो. मुदत ठेव मोडून आवर्ती खात्यात महिन्याला थोडे थोडे भरण्यासारखा हा व्यवहार आहे.

दुसरं, जुनं जंगल थांबतं हेही पूर्ण खरं नाही. शेकडो वर्षांची अनेक जंगलं अजूनही कार्बन साठवताना आढळली आहेत, बराचसा मातीत आणि पडलेल्या ओंडक्यांत. मोठं झाड टोकाला वाढताना दिसत नाही, पण त्याच्या घेरावर अर्धा सेंटिमीटरची कडी चढली तरी ती रोपाच्या सबंध वजनापेक्षा जड असते.

लागवड वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण तिचं यश रोपांच्या संख्येत मोजू नका. महाराष्ट्रात २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी रोपांचं उद्दिष्ट होतं. कार्बनच्या हिशेबाला त्या आकड्यापेक्षा दहा वर्षांनी त्यांतल्या जगलेल्या झाडांचा घेर लागतो, आणि तो टेप लावूनच कळतो.

९. झाडं तोडली तरी माती तिथेच राहते. मग मातीतला कार्बन शाबूत राहतो ना?

बहुधा नाही. सावली गेली, नांगर फिरला की माती तापते, भुसभुशीत होते आणि जिवाणू त्यातला कार्बन झपाट्याने खातात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२० च्या पाहणीत जगातल्या जंगलांचा साठा ६६२ अब्ज टन कार्बन धरला होता. त्यात ४५ टक्के मातीत आणि ४४ टक्के जिवंत झाडांत. उरलेला वाळक्या लाकडात आणि पाचोळ्यात.

ही वाटणी सगळीकडे सारखी नाही. विषुववृत्ताजवळ उष्णतेने पाचोळा लगेच कुजतो, म्हणून बराचसा साठा झाडांत उभा असतो. कॅनडा-सायबेरियाच्या सूचिपर्णी जंगलांत थंडीने कुजणं मंदावतं आणि साठा पायाखाली असतो. पीट म्हणजे पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर. ते जमिनीच्या जेमतेम ३ टक्के भागावर आहेत, पण त्यांत सुमारे ६०० अब्ज टन कार्बन आहे. इंडोनेशियात पाम तेलाच्या मळ्यांसाठी अशा जमिनींतलं पाणी काढलं गेलं. १९९७ आणि २०१५ च्या दुष्काळांत तीच जमीन आठवडेच्या आठवडे जळत राहिली.

१०. आमच्या गावाजवळचं माळरान ओसाड आहे. तिथे झाडं लावली तर कार्बन वाढेलच ना?

आधी ते ओसाड आहे का, हे पाहा. उन्हाळ्यात माळ पिवळा पडतो, म्हणून तो मेलेला नसतो. पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांच्या मुळांचं जाळं जमिनीत असतं, आणि माळरानाचा बहुतेक कार्बन तिथेच असतो. पहार घालून एक ढेकूळ उचला आणि हाताने फोडून पाहा: केसांसारखी मुळं माती धरून ठेवतात, ती सहज सुटत नाही. वर आग गेली, मेंढरं चरून गेली, तरी हा साठा जाग्यावर राहतो. झाडांतला कार्बन मात्र एका वणव्यात जाऊ शकतो.

अशा माळावर यंत्राने चर खोदले की वर्षानुवर्षं बांधलेली माती उलटी होते, आणि गिरिपुष्पाची दाटी झाली की गवत मरतं. सोबत माळढोक, लांडगा, काळवीट यांचं घर आणि धनगरांचं चराऊ रानही जातं. सोलापूरजवळचं नान्नजचं अभयारण्य पाहिलेल्यांना माळरान म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. झाडं लावायची तर बांधावर, ओढ्याकाठी, पूर्वी जंगल होतं आणि तुटलं त्या डोंगरउतारावर लावा.

११. कांदळवनाला इतकं महत्त्व का? क्षेत्र तर अगदी थोडं आहे.

कारण तिथे कार्बनला परत जायला वाट नसते. भरतीच्या पाण्याने दबलेल्या चिखलात ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून तिवर, चिपी, कांदळ यांची पानं आणि मुळं पूर्ण कुजत नाहीत. वर दर भरतीला गाळाचा नवा थर चढतो. खाडीत पाय रुतला की काळा चिखल दिसतो आणि सडलेल्या अंड्यासारखा वास येतो, तो याच हवाबंद कुजण्याचा. गोड्या पाण्याच्या दलदलीतून कार्बन मिथेन वायूच्या रूपाने खूप निघतो, पण खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटमुळे इथे तो बराच दबतो. हेक्टरी हिशेबात म्हणूनच कांदळवन पुष्कळ जमिनीवरच्या जंगलांना मागे टाकतं.

महाराष्ट्रात ३०० चौरस किलोमीटरहून थोडं जास्त कांदळवन आहे. २०१२ मध्ये त्यासाठी वेगळा कांदळवन कक्ष झाला, आणि २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनाच्या नाशाला बंदी घातली. भराव टाकला की शेकडो वर्षांचा गाळ उघडा पडतो. दुसरीकडे रोपं लावून तो साठा आपल्या हयातीत भरून येत नाही.

१२. ऊस तर वेगाने वाढतो. मग उसाचं शेत जंगलापेक्षा जास्त कार्बन शोषत नाही का?

शोषतो, आणि चांगलाच. ऊस, ज्वारी, मका यांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत कडक उन्हात जास्त कार्यक्षम असते. पण वर्ष-दीड वर्षात सगळं परत जातं. साखर आपण खातो आणि उच्छ्वासात सोडतो, बगॅस, म्हणजे रस काढल्यावरचा चोथा, बॉयलरमध्ये जळतो, पाचट शेतातच पेटवलं जातं. उलाढाल मोठी, शिल्लक नगण्य. पाचट न जाळता सरीत कुजू दिलं तर थोडा कार्बन मातीत उतरतो, ओलही टिकते. एवढा बदल करण्यासारखा नक्की आहे.

१३. आणि बांबू?

बांबू हे गवत आहे. कोंब एका पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो, पण पुढची वाढ बेटातल्या काठ्यांच्या संख्येत होते, घेरात नाही. बेट भरलं की साठा स्थिरावतो. वयात आलेल्या काठ्या दर वर्षी काढून त्यांच्या टिकाऊ वस्तू केल्या तर हिशेब चांगला जमतो. आपल्याकडचा मानवेल साधारण चाळीसेक वर्षांनी एकदाच फुलतो आणि बेटच्या बेट वाळतं, हेही लक्षात ठेवायचं.

१४. वणवा लागून गेलेलं रान पावसात पुन्हा हिरवं होतं. मग नुकसान कुठे झालं?

हिरवळ आली म्हणजे साठा आला असं नाही. आपल्याकडचे बहुतेक वणवे जमिनीसरपट जातात. फेब्रुवारी ते मे या काळात मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखाली लावलेली आग, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून लावलेली आग, कुणी टाकलेली विडी, अशी त्याची कारणं. मोठं खोड बहुधा वाचतं, म्हणून जंगल शाबूत दिसतं. जळतात ती रोपं आणि पाचोळा. दर वर्षी आग गेलेल्या रानात मोठी झाडं असतात, गवत असतं, पण मधल्या वयाचं झाड शोधून सापडत नाही. आजचं मोठं झाड पडेल तेव्हा त्याची जागा घ्यायला कोणी नसतं. तोटा असा वीस-तीस वर्षांनी दिसतो.

सूचिपर्णी जंगलांत आग शेंड्यापर्यंत चढते आणि जमिनीतला साठाही जाळते. कॅनडात २०२३ मध्ये दीड कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्र जळालं आणि त्या एका वर्षात तिथल्या जंगलांनी त्या देशातल्या इंधनांपेक्षा कितीतरी जास्त कार्बन हवेत सोडला. माळरानातल्या आगीचा हिशेब वेगळा आहे, तो प्रश्न १० मध्ये.

१५. लाकूड जाळलं तर कार्बन परत झाडंच शोषतात. मग ते कोळशापेक्षा चांगलं ना?

लाकूड कुठून आलं आणि त्याजागी किती वेळात पुन्हा वाढणार, यावर सगळं अवलंबून आहे. बांधावरच्या बाभळीच्या छाटलेल्या फांद्या दोन-तीन वर्षांत भरून येतात. तिथे चुलीचा हिशेब कार्बनपुरता जुळतो, घरातल्या बाईच्या फुप्फुसांपुरता जुळत नाही. उभं जंगल तोडून वीजघरात जाळलं, तर कर्ज आज घेतलं आणि फेड नातवांच्या काळात. शिवाय तेवढ्याच उष्णतेसाठी लाकूड जाळताना कोळशाइतका किंवा त्याहून जास्तच कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून बाहेर पडतो.

लाकूड वापरायचंच तर टिकाऊ कामाला वापरा. जुन्या वाड्यांत सागाच्या तुळया दीडशे वर्षं उभ्या आहेत, आणि त्यांतला कार्बन तिथेच आहे. वाडा पाडताना त्या तुळया जळणात न देता पुन्हा वापरात आणल्या तर तो तिथेच राहील.

१६. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला तर झाडांना खतच मिळालं. पृथ्वी हिरवी होतेय असंही म्हणतात.

काही अंशी खरं आहे. उपग्रहांना गेल्या काही दशकांत पानांचं क्षेत्र वाढलेलं दिसतं, त्यात या "खता"चा मोठा भाग आहे, आणि भारत-चीनमधल्या शेतीचाही. पण नुसता कार्बन पुरत नाही, सोबत नत्र, स्फुरद आणि पाणी लागतं. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ प्रौढ निलगिरीच्या जंगलात नळ्यांनी जादा कार्बन डायऑक्साइड सोडून वर्षानुवर्षं निरीक्षण केलं गेलं. पानांनी तो जास्त ओढला, पण खोडं जाड झाली नाहीत. स्फुरद कमी असलेल्या त्या मातीत जादा कार्बन मुळांवाटे आणि जिवाणूंवाटे परत हवेत गेला.

वाढत्या उष्म्याने आणि दुष्काळाने उलटी बाजूही दिसू लागली आहे. ब्राझीलच्या संशोधकांनी २०१० ते २०१८ या काळात विमानातून अ‍ॅमेझॉनवरच्या हवेचे नमुने घेतले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात आग्नेय अ‍ॅमेझॉन, जिथे तोड सर्वांत जास्त झाली आहे, कार्बन शोषण्याऐवजी सोडताना आढळलं.

१७. मग सरळ सांगा: पुरेशी झाडं लावली तर आपला सगळा धूर ती शोषतील का?

नाही.

माणूस इंधनं जाळून वर्षाला सुमारे १० अब्ज टन कार्बन हवेत सोडतो, जंगलतोडीतून आणखी एकाच्या आसपास. त्यातला ३० टक्क्यांच्या आसपास वाटा जमिनीवरच्या वनस्पती आणि माती उचलतात, पाव भाग समुद्र, आणि जवळपास निम्मा हवेतच राहतो. जंगलं नसती तर आजची अवस्था कितीतरी बिकट असती. आपण न मागता ती हे काम करत आहेत.

पण सगळा भार त्यांच्यावर टाकता येत नाही, आणि त्याचं कारण चंद्रपूरला डोळ्यांनी दिसतं. चंद्रपूरहून ताडोबाच्या मोहर्ली फाटकाकडे जाताना वाटेत पद्मापूरच्या कोळसा खाणीचे मातीचे ढिगारे लागतात, आणि त्यांच्या पलीकडे लगेच सागाचं रान सुरू होतं. त्या खाणीतला कोळसाही जंगलच होता. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी, भारत गोंडवन भूखंडाचा भाग असताना, ग्लॉसॉप्टेरिस नावाची झाडं दलदलीत पडली, गाळाखाली दबली आणि चक्रातून बाहेर गेली. जिभेच्या आकाराच्या त्या पानांचे ठसे अजूनही दगडांत सापडतात. लाखो वर्षांच्या अशा असंख्य जंगलांचा कार्बन आपण शे-दोनशे वर्षांत वर काढत आहोत. आजचं जंगल हे एका वेळचं जंगल आहे. त्याने त्या सगळ्या गाडलेल्या जंगलांना सामावून घ्यावं, एवढी जागाच पृथ्वीच्या पाठीवर नाही.

भारतापुरता हिशेब: भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार देशातल्या जंगलांत, मातीसकट, सुमारे ७२८ कोटी टन कार्बन आहे. देशाचं आजचं इंधनांचं उत्सर्जन पाहिलं तर हा सारा साठा आठ-नऊ वर्षांच्या धुराएवढा भरतो.

१८. सरकारी अहवालात वनक्षेत्र वाढलेलं दिसतं. आमच्या डोळ्यांना तर तोड दिसते. खरं कोण?

दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, कारण व्याख्या. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालात १ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या, १० टक्के किंवा अधिक झाडोरा असलेल्या कुठल्याही जमिनीला वनाच्छादन म्हणतात, मालकी आणि झाडाची जात न पाहता. आमराई, नारळीची बाग, निलगिरीचा मळा, सगळं त्यात येतं. २०२३ च्या अहवालात देशाचं वनाच्छादन २१.७६ टक्के आहे. सह्याद्रीतलं शंभर हेक्टर दाट जंगल गेलं आणि दुसरीकडे शंभर हेक्टर बागा वाढल्या, तर बेरीज तीच राहते. कार्बनची बेरीज तशी राहत नाही. अहवाल वाचताना एकूण आकड्यावर थांबू नका. अतिदाट, मध्यम दाट आणि विरळ हे तीन रकाने वेगळे पाहा.

१९. झाडं लावल्याने पृथ्वी तापू शकते, असं कुणीतरी म्हणालं. हे शक्य आहे का?

बर्फाळ प्रदेशात, हो. उघडा बर्फ ऊन परतवतो, त्यावर गर्द सूचिपर्णी जंगल उभं राहिलं की ते ऊन शोषतं. तिथे कार्बन साठवल्याचा फायदा काही अंशी किंवा पूर्णही बुडू शकतो. आपल्या पट्ट्यात उलट घडतं: जंगल पानांतून पाणी हवेत सोडून परिसर थंड ठेवतं. भर एप्रिलमध्ये डांबरी रस्त्यावरून देवराईत पाऊल टाकलं की ते अंगाला कळतं.

२०. बांधावर झाडं लावली तर कार्बन क्रेडिटचे पैसे मिळतील, असं सांगणारे लोक गावात आले होते. करार करावा का?

घाई करू नका. कार्बन क्रेडिट म्हणजे साठवलेल्या कार्बनची विकता येणारी पावती. पैसे मिळू शकतात, पण क्रेडिट झाडाला मिळत नाही, सिद्ध केलेल्या जादा कार्बनला मिळतं. तीन गोष्टी तपासल्या जातात. हा प्रकल्प नसता तर ही झाडं लागलीच नसती का? ती ठरलेली वर्षं टिकणार का? आणि इथली तोड थांबवल्याने ती शेजारच्या रानात सरकली नाही ना? मोजणी आणि तपासणीचा खर्च मोठा असल्याने एकट्या शेतकऱ्याला ते परवडत नाही, म्हणून गट करतात. पहिली रक्कम हातात यायला काही वर्षं जातात.

सही करण्याआधी करार मराठीत मागा आणि एवढं विचारा: करार किती वर्षांचा आहे, आणि वारसांवर बंधनकारक आहे का? झाड वादळात पडलं, वणव्यात जळालं तर भरपाई कोणी करायची? विहीर खणायची वेळ आली, मुलीच्या लग्नाला लाकूड विकायची वेळ आली, तर तोडता येईल का? क्रेडिट कितीला विकलं जातं आणि त्यातलं तुम्हाला किती? उत्तरं कागदावर मिळत नसतील तर थांबा. झाडं लावायला मात्र थांबू नका. बांधावरचा आंबा, चिंच, कडुनिंब कराराशिवायही आपलं देणं देतातच.

२१. जंगलाचा हक्क गावाकडे असला तर साठा टिकतो का, की लोक तोडून मोकळे होतात?

हक्क मिळाला म्हणजे जंगल आपोआप वाचलं, असं नाही. पण ज्यांना ते उद्याही लागणार आहे त्यांच्या हाती निर्णय असणं, ही माझ्या अनुभवात सर्वांत भक्कम राखण आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने द्यायचा अधिकार ग्रामसभेकडे आला. जंगल उभं राहिलं तरच बांबू दर वर्षी मिळणार, हे तिथे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरांचा हक्क मिळाला. तेंदूपानांचा हंगाम म्हणजे उन्हाळ्यातली हमखास रोकड. पण पानांसाठी फांद्या तोडाव्या लागतात आणि रान पेटवलं जातं, म्हणून पाचगावच्या ग्रामसभेने तेंदू तोडायचा नाही असं ठरवलं आणि बांबूवर भिस्त ठेवली. वणव्याने मधल्या वयाची झाडं कशी नाहीशी होतात ते प्रश्न १४ मध्ये आलं आहे. ती वाचावीत म्हणून या गावाने हातातले पैसे सोडले.